मिनेसोटांतील निळी चिठ्ठी

अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानाच्या दक्षिण भागांत क्षितिजापर्यंत मका व सोयाबीन डोलत असतात. सोयाबीनच्या तेलापासून बायोडिझेल होतें, आणि तें डिझेलांत मिसळण्याची तेथें २००५ पासून सक्ती आहे. २०१८ पासून हें प्रमाण उन्हाळ्यांत शेंकडा २० व हिवाळ्यांत ५ असतें. कारण कडक थंडींत बायोडिझेल साध्या डिझेलाच्या आधीं थिजूं लागतें.

बहुतेक नव्या मालमोटारींस वीस मानवतात. परंतु प्रवासी मोटारींचे कित्येक कारखानदार पांचापलीकडे संमति देत नाहींत. अशी मोटार घेऊन जूनमध्यें सहकुटुंब निघालेल्यानें काय करावें?

प्रथम पंपावरची चिठ्ठी वाचावी. पांचाहून अधिक, वीसपर्यंत मिश्रण असल्यास मध्यवर्ती सरकारच्या नियमानें निळी चिठ्ठी लावावीच लागते. पांचापर्यंत मात्र तिची जरुरी नाहीं. पश्चिमेस जावयाचें असेल, तर मिनेसोटांत गरजेपुरतेंच डिझेल घेऊन नव्वद क्रमांकाच्या महामार्गानें साउथ डकोटांत शिरावें. तेथें सक्ती नाहीं, व सू फॉल्स शहर सीमेपासून जवळच लागतें. मात्र सक्ती नाहीं म्हणजे मिश्रण नाहीं, असें नव्हे. सीमेपलीकडेहि चिठ्ठी पाहिल्यावांचून नळीस हात लावूं नये.