विचारायला भीड कसली?

मैत्रिणींनो, मोतीबिंदू म्हणजे सकाळी नेलं, दुपारी घरी, असं आपण सहज म्हणतो. मीही म्हणत होते. पण मामंजींच्या पहिल्या डोळ्याच्या वेळी भिंगामागचं नाजूक आवरण फाटलं. पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि नीट दिसायला तीन महिने गेले.

दुसऱ्या डोळ्यासाठी डॉक्टर बदलले. मी मनाचा हिय्या करून विचारलंच, "आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्यात? काही बिघडलं तर पुढची सोय इथं आहे का?" हे कानकोंडे झाले. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "अनुभवी हातूनही आवरण फाटतं, पण कमी वेळा. आणि फाटलं तर पुढं काय करायचं, हे त्या हाताला ठाऊक असतं."

मग त्यांनीच विचारलं, "लघवीच्या त्रासाची गोळी चालू आहे?" होती! प्रोस्टेटच्या टॅमसुलोसिन या औषधानं बाहुलीभोवतीचा रंगीत भाग सैल पडतो नि शस्त्रक्रिया अवघड होते. डॉक्टरमंडळींना हे २००५ पासून माहीत आहे. गोळी थांबवली तरी परिणाम राहतो. पण आधी कळलं तर ते तयारीनं बसतात. पहिल्या वेळी गोळ्यांची पिशवी मी घरीच ठेवली होती. ती चुटपुट अजून आहे.

घरी आल्यावर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर कमी झाली, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी दाखवा.

मामंजी आता चष्मा लावून पेपर वाचतात. कोथिंबिरीच्या जुडीसाठी चार प्रश्न विचारणाऱ्या आपण, घरच्यांचा डोळा सोपवताना गप्प का बसायचं?