विहीणबाईंबरोबर हुबळी

लेकीच्या सासरी पाहुणी म्हणून गेलं की चार दिवस कसे सरतात ते कळत नाही. होळिगे होते, साडी-चोळी होते, निघताना हातात पिशव्या येतात. पण तिथंच राहायला जायचं म्हटलं की तेच गाव एकदम परकं वाटायला लागतं. भाजी कुठं मिळते, देऊळ किती लांब, शेजारीण आपल्याशी बोलेल का, असे बारीकसारीक प्रश्न रात्री उशाशी येऊन बसतात.

यजमान जाऊन दीड वर्ष झालं. मिरजेच्या घरात मी एकटी. लेक आणि जावई दोघंही म्हणत होते, "आई, आता हुबळीलाच या." लेकीचं घर दाजीबानपेठेच्या मागच्या गल्लीत. याआधी मी दोनदा तिथं गेले होते, पण स्टेशन आणि मंगल कार्यालय यापलीकडं गाव पाहिलं नव्हतं. नात चार वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर कन्नडमध्ये देते. फोनवर ती भराभर काही सांगायची आणि मी "हो का गं बाळा" म्हणायची. खरी काळजी तीच होती. जी नात आजीशी बोलत नाही तिच्या घरात आजीनं दिवसभर करायचं काय?

म्हणून या खेपेला ठरवलं, आधी गाव बघायचं. लेक-जावई कामावर जातात, तेव्हा विहीणबाईच म्हणाल्या, "बर्री अक्कार, मी दाखवते." त्यांचं मराठी मोडकं आणि माझं कन्नड त्याहून मोडकं. नातीला मधे धरून आम्ही सकाळी नऊला निघालो.

पहिलं देऊळ घराजवळचंच. दाजीबानपेठेतलं तुळजाभवानीचं. सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रिय, म्हणजे आपण ज्यांना सावजी म्हणतो त्या समाजाचं हे मंदिर. आमच्या माहेरची कुलदेवी तुळजापूरची. इतक्या लांब, कन्नड मुलखात तिचं नाव पाटीवर वाचलं आणि चप्पल काढता काढता डोळे भरून आले.

देवळाकडं येताना विहीणबाईंनी गुळेदगुड्डचा खण घेतला होता. बागलकोट जिल्ह्यातलं हे गाव खणासाठी प्रसिद्ध. आपल्याकडं ओटीला जो खण लागतो तो पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या मागावरून येत आला आहे. आपण ओटी भरणं म्हणतो, त्या 'उडी तुंबोदु' म्हणतात. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं तेच.

गाभाऱ्यासमोर मी सवयीनं मागं सरले. यजमान गेल्यापासून ओटीच्या, कुंकवाच्या जागी मी भिंतीला टेकून उभी राहते. कुणी सांगावं लागत नाही, पाय आपोआप मागं येतात. विहीणबाईंनी वळून पाहिलं. ताट त्यांच्या हातात होतं. त्या दोन पावलं मागं आल्या आणि ते ताट माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "तुमची देवी. तुम्ही भरा." मी मान हलवली, तर म्हणाल्या, "आई लेकीला विचारती का, तुजा नवरा हाय का?"

पुजाऱ्यांनी काही विचारलं नाही. खण घेतला, नारळ घेतला, प्रसाद दिला. बाहेर आल्यावर विहीणबाईंनी बोटावरचं कुंकू माझ्या कपाळाला लावलं, जसं नातीला लावतात तसं, सहज.

आमच्या मिरजेपासून फार लांब नाही, शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही बाकीच्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. मी ती बातमी वाचली होती, चांगलं झालं असंही म्हटलं होतं. पण ठराव ग्रामपंचायत करते, कुंकू लावायला मात्र कुणाचं तरी बोट लागतं. माझ्या बाबतीत ते बोट हुबळीचं निघालं.

देवळातून बाजारात. दुर्गदबैल हे नाव मराठी कानाला ऐकलं की बैलच डोळ्यापुढं येतो. पण कन्नडमध्ये 'बयलु' म्हणजे मोकळं मैदान. दुर्गाचं, म्हणजे किल्ल्याचं मैदान. आता किल्ला नाही आणि मोकळं तर मुळीच नाही. भाजी, भांडी, फुलं, कापड आणि मधून घुसणाऱ्या रिक्षा. चालता चालता विहीणबाईंनी मला खरेदीचं कन्नड शिकवलं. 'एष्ट री?' म्हणजे केवढ्याला हो? 'भाळ आत' म्हणजे फार झालं. 'बेकु' म्हणजे हवं, 'ब्याड' म्हणजे नको. मी प्रत्येक गाड्यापुढं 'ब्याड, ब्याड' म्हणत चालले तेव्हा नात हसून हसून बेजार झाली.

मिरचीच्या दुकानात मात्र 'ब्याड' म्हणवेना. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची ती सुरकुतलेली लालभडक मिरची. रंगाला भारी, तिखटाला बेताची. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आखूड, जाड ती डब्बी आणि लांब, बारीक ती कड्डी, हे दुकानदारानं मला हातात देऊन दाखवलं. आपल्या मसाल्याला जो रंग येतो तो हिचाच. विहीणबाई म्हणाल्या, "ब्याड म्हणायचं, पण ब्याडगी घ्यायची!" मी अर्धा किलो घेतली.

शब्दांचा असा हिशोब दिवसभर चालला. आपलं तूप म्हणजे त्यांचं तुप्प. अण्णा, अक्का हे तर दोन्हीकडचे. आपण कोल्हापूर-सांगलीकडं 'हुडकतो', ते 'हुडुकतात'. आणि उलट, विहीणबाई त्यांच्या जावेला 'वैनी' म्हणतात, नाश्त्याला झुणका करतात. कुणी कुणाकडून घेतलं हे पंडितांनी ठरवावं. बाजारात तरी कुणी परत मागत नाही.

रस्त्याकडेला बसून आम्ही गिरमिट खाल्लं. चुरमुऱ्याला कांदा, चिंच-गुळाचा मसाला, वरून फुटाण्याच्या डाळीची पूड आणि शेजारी गरम मिरची भजी. खाता खाता मी त्यांना शाळेत शिकवलेला इतिहास सांगितला, की १६७३ साली शिवाजी महाराजांच्या सैन्यानं हुबळीची पेठ लुटली होती, इंग्रजांच्या वखारीसकट. विहीणबाई भजी मोडत म्हणाल्या, "तवा न्यायला आलं. आता लेक द्यायला आलं. हिशोब फिटला."

दुपारी सिद्धारूढ मठात गेलो. सिद्धारूढ स्वामी १८३६ सालचे, बिदर भागातल्या चळकापूरचे. फिरत फिरत हुबळीला आले आणि इथंच राहिले. १९२९ साली त्यांनी देह ठेवला. जातपात न बघता सगळ्यांना जवळ करणारे म्हणून त्यांची ख्याती. मठात 'ॐ नमः शिवाय' चालू असतं आणि अन्नदान, ज्याला तिथं दासोह म्हणतात. २०२० पासून हुबळी स्टेशनलाही त्यांचंच नाव आहे. याच स्टेशनचा १५०७ मीटरचा फलाट जगातला सर्वांत लांब. मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आदल्या रात्री तो फलाट पाहूनच माझे पाय दुखले होते! पंगतीत शेजारी बसलेल्या दोघी सोलापूरच्या निघाल्या. दरवर्षी येतात म्हणाल्या. भात वाढणारा मला कन्नडमध्ये विचारत होता आणि त्यांना मराठीत.

परतताना रिक्षा देशपांडे नगरवरून घेतली. गंगूबाई हनगल (१९१३-२००९) इथं राहत असत. त्यांचे गुरू सवाई गंधर्व जवळच्या कुंदगोळचे, आणि सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ आमच्या मिरजेत राहिले, मिरजेतच त्यांची कबर आहे. मी हे सांगितलं तेव्हा विहीणबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी आमचं गाणं तुमच्या मिरजेस्नं आलं." मी म्हटलं, "आणि इथून पुण्या-मुंबईला गेलं." नात मधे झोपून गेली होती.

संध्याकाळी उणकलचं चंद्रमौळेश्वर. चालुक्यकाळातलं दगडी देऊळ, चार दिशांना चार दरवाजे. भोवती घरांची इतकी दाटी की अंगणात वाळत घातलेले कपडे ओलांडावे तसं आपण एकदम आठ-नऊशे वर्षांमागं उतरतो. आत चार मुखांचं शिवलिंग आहे. विहीणबाई म्हणाल्या, लग्नानंतर वीस वर्षं त्यांनीही हे देऊळ पाहिलं नव्हतं. "कोण दाखवणार? सासू घराभायेर सोडत नव्हती." त्या मूळच्या गदगकडच्या. त्याही एकदा या गावात परक्याच होत्या. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

रात्री मी बॅगेतून कपडे काढत होते. नातीला वाटलं भरते आहे. ती येऊन म्हणाली, "अज्जी, नाळे होगब्याड." 'ब्याड' मी सकाळीच बाजारात शिकले होते. बाकीचं कुणी सांगावं लागलं नाही. "नाही जात," मी मराठीत म्हटलं आणि तिला ते नेहमीसारखं कळलं.

मिरजेचं घर विकायचं नाही, असं मी लेकीला सांगितलं आहे. तिथं यजमानांची पुस्तकं आहेत, माझ्या चाळीस वर्षांच्या ओळखी आहेत. पण दसऱ्यापासून चैत्रापर्यंत हुबळीला राहणार. नात बालवाडीत अ, आ, इ, ई कन्नडमध्ये गिरवेल तेव्हा तिच्या शेजारी पाटी घेऊन बसणार, आणि रात्री गोष्ट मात्र मराठीतच सांगणार. विहीणबाईंनी नवरात्रातला एक दिवस आत्ताच ठरवून टाकला आहे. त्या दिवशी दाजीबानपेठेत ओटी दोघींनी मिळून भरायची. खण या वेळी मी घेणार आहे, आणि भावही मीच करणार आहे.