सहा गाळ्यांचा रंग

चिपळूणच्या बाजारपेठेलगतच्या रस्त्यावर मरहूम अब्बांनी बांधलेली आमची एक छोटी इमारत आहे. खाली सहा गाळे, वर दातांचा दवाखाना आणि लहान मुलांची शिकवणी. अब्बांच्या पश्चात ती अम्मी, दोन भाऊ आणि दोन बहिणी अशा पाच जणांची झाली. वाटणी शरीअतप्रमाणे केली. एकूण ४८ भाग धरले तर अम्मीचे ६, भावांचे १४-१४ आणि बहिणींचे ७-७. पुष्कळ घरांत बहिणी ‘भावांनाच असू दे’ म्हणून सही करून मोकळ्या होतात, किंवा त्यांना मोकळं केलं जातं. आमच्या भावांनी तसं होऊ दिलं नाही, अल्लाह त्यांना बरकत देवो. मात्र हिस्सा घेतला की भाड्याच्या जोडीने खर्चही येतो. भाईजान कुवेतला, धाकटा पनवेलला, आपा महाडला. चिपळुणात आम्ही आणि अम्मी. त्यामुळे इमारतीला रंग काढायचं ठरलं तेव्हा रंगारी शोधायचं काम आमच्या वाट्याला आलं. शाळा सुटल्यावर, वह्या तपासण्याच्या आधी.

२२ जुलै २०२१ चा महापूर वाचकांना आठवत असेल. वाशिष्ठीचं पाणी आमच्या गाळ्यांत पुरुषभर चढलं होतं. पाणी ओसरल्यावर गाळ उपसून दुकानदारांनी धंदा उभा करायची घाई केली, आणि ती बरोबरच होती, चुली त्यावर चालत होत्या. आतून ज्याने त्याने आपल्या पैशाने पुट्टी आणि रंग मारून घेतला. दोन पावसाळ्यांत तो पोपडे धरून सुटला. बाहेरून तर इमारत बघवत नव्हती. खाली छातीएवढ्या उंचीपर्यंत पांढरा लोणा, वर काळं पडलेलं शेवाळ. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत पाणी पिऊन बसते आणि मग वर्षानुवर्षं क्षार बाहेर टाकत राहते. २०२३ चा पावसाळा सरला तेव्हा फोनवर सगळ्यांचा मशवरा झाला की आता हे काम टाळायचं नाही.

पहिला ठेकेदार एका गाळेवाल्याने आणला. खालूनच भिंतीकडे नजर टाकून त्याने सांगितलं, ‘६,८०० फूट भरेल, १६ रुपयांनी करतो.’ दुसरी होती एका मोठ्या कंपनीची रंगसेवा. त्यांचा मुलगा गणवेशात आला, यंत्राने मोजमाप घेतलं, छापील कागद दिला. त्यात दर भारी होता आणि प्लास्टरची दुरुस्ती ‘तुमची तुम्ही करून घ्या’. तिसरा आमच्या खालाचा मुलगा. त्याच्याकडे तीन माणसं आहेत. पुरात त्याचं सगळं सामान गेलं होतं आणि त्यानंतर त्याला मोठं काम असं मिळालंच नव्हतं. चौथे खेर्डीकडचे एक वयस्क ठेकेदार. शाळेच्या भिंती त्यांनी रंगवल्या होत्या, म्हणून ओळख.

कुवेतहून भाईजानचं म्हणणं सरळ होतं, १६ वाला घ्या. अम्मीचं त्याहून सरळ होतं, ‘घरचा पोर असताना बाहेरच्याला कशाला?’

आम्ही आधी टेप घेऊन इमारत मोजली. शिकवणीतली दोन मुलं टेपचं टोक धरायला उत्साहाने आली. ६० फूट रुंद, ४० फूट खोल, कठड्यापर्यंत २६ फूट उंच. चारी बाजू मिळून ५,२०० चौरस फूट. त्यातून शटर आणि खिडक्या वजा केल्या की ४,८०० उरतात. काही रंगारी दारं-खिडक्या वजा करत नाहीत, कडांच्या कामाचा मोबदला म्हणून तेवढं धरतात. हे चालतं, फक्त आधी बोलून ठरलं पाहिजे. पण वजा न करताही ६,८०० होत नव्हतेच. १६ रुपयांनी ६,८०० फुटांचे १,०८,८०० रुपये होतात. खेर्डीच्या ठेकेदारांनी २४ रुपये दर सांगितला, पण मोजमाप ४,८०० च धरलं, त्याचे झाले १,१५,२००. म्हणजे दरात आठ रुपयांचं अंतर आणि प्रत्यक्षात ६,४०० रुपयांचं. भाईजानला हा हिशोब पाठवला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

रंगाच्या बादल्यांचाही हिशोब असाच बघावा. बाहेरच्या भिंतीचा चांगला रंग दोन हात मारायचे तर एका लिटरमध्ये साधारण ५०-६० चौरस फूट जागा झाकतो. ४,८०० फुटांना ८० ते ९६ लिटर, म्हणजे २० लिटरच्या चार ते पाच बादल्या लागणार. स्वस्तवाल्याच्या कागदावर तीन बादल्या होत्या. उरलेलं काय, ते आमच्या नळाला येतं. रंगात पाणी घालावं लागतंच, पण किती ते डब्यावर छापलेलं असतं. शिवाय बादलीत रंगाऱ्यासाठी कंपनीचं टोकन असतं, हे पुष्कळ घरमालकांना ठाऊक नसतं. कोणता रंग ‘एक नंबर’ आहे हे सांगणाऱ्याच्या मनात कधी कधी ते टोकन असतं. त्यात गैर काही नाही, कष्टाची माणसं आहेत, पण आपल्याला माहीत असावं. (रिकाम्या बादल्यांचं आणखीच वेगळं. काम सुरू व्हायच्या आधीच किराणावाल्याने दोन, शिंप्याने एक आणि अम्मीने एक सांगून ठेवली होती.)

पैशाचं एवढ्यावर भागलं असतं. आम्हाला टोचत होतं ते निराळंच. दोन वर्षांपूर्वी आमच्याच रस्त्यावर एका इमारतीला रंग लागत असताना बाहेरगावचा एक विशी-बाविशीचा मुलगा झुल्यावरून खाली आला. कमरेला दोर नव्हता. मालक म्हणाले, माणूस ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणाला, तो रोजंदारीवर स्वतःहून आला होता. त्याचे वडील जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात रुमाल पसरून उभे होते. आम्ही सगळ्यांनी त्यात पैसे टाकले आणि घरी आलो. तो मुलगा अजून नीट चालत नाही असं ऐकतो. त्या इमारतीचा रंग मात्र छान दिसतो.

म्हणून चौघांनाही आम्ही दराआधी एकच विचारलं, माणसं वर कशी चढणार? स्वस्तवाला हसून म्हणाला, ‘मॅडम, पोरं सवयीची आहेत.’ कंपनीच्या मुलाने विम्याचा कागद दाखवला. खालाच्या मुलाने मान खाली घातली आणि म्हणाला, ‘बाजी, शिडीवर करतो मी. परांची भाड्याने आणायला पैसे कुठून आणू?’ खेर्डीवाल्यांनी सांगितलं की चारी बाजूंना बांबूची परांची बांधणार, वरच्या दोन माणसांना पट्टा आणि दोर, आणि काम चालेल तेवढ्या दिवसांचा मजुरांचा अपघात विमा काढणार, त्याचा खर्च दरात धरलाय. त्यांची दोन माणसं महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदलेली होती. १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराला तिथे नोंदणी करता येते, आणि रंगारीही त्यात येतो. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी रंगकाम करणारे असतील, त्यांनी हे कार्ड काढून घ्यावं. मुलांच्या शिक्षणालाही त्यातून मदत मिळते.

त्याच गृहस्थांनी भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केली. काही ठिकाणी आवाज बद्द आला. ‘बाई, इथे प्लास्टर सुटलंय. रंग नंतर.’ मग पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा त्यांनी चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीला चिकटवला आणि ‘उद्या बघा’ म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आतून दव धरलं होतं. भिंत अजून ओली होती. बाकी तिघांपैकी कोणीही भिंतीला हात लावला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

काम त्यांना द्यायचं हे आमच्या मनात पक्कं झालं, पण अम्मीला सांगणं बाकी होतं. नात्यातल्या माणसाला काम दिलं तर बिघडलेलं बोलता येत नाही, न दिलं तर दिलं नाही याचंच बोलणं होतं. खाला विधवा आहे, पोरगा कष्टाळू आहे, त्याच्या हाताला सफाई आहे. हे सगळं खरं. पण पैसा आमच्या एकट्याचा नव्हता. १,१५,२०० चे ४८ भाग केले की एक भाग २,४०० चा. अम्मीचे १४,४००, भावांचे ३३,६००, आपाचे १६,८००, आमचे तेवढेच. आपाच्या १६,८०० मधून आम्ही खालाशी नातं कसं सांभाळायचं? ती अमानत आहे. नातं सांभाळायचं तर आपल्या खिशातून सांभाळावं. अम्मीने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मग त्याला काहीच नाही?’

शटर आणि जिन्याचे गज बाकी होते. ते ऑइल पेंटचं काम, जमिनीवर उभं राहून करायचं, परांची लागत नाही. ते त्याला वेगळं दिलं, बाजारभावाने, आणि लिहून. लिहिण्यावर तो आधी दुखावला. ‘आपल्या माणसांत कागद कशाला, बाजी?’ आम्ही म्हटलं, सूरह बकरामध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवायची ताकीद आहे, तिथे नातलगांना सूट दिलेली नाही. तो हसला, सही केली. खाला हसली नाही.

त्याच्या कागदात एक गोष्ट आम्ही आग्रहाने घातली. इमारत १९९४ ची, शटरवर जुन्या ऑइल पेंटचे थर. भारतात घरगुती रंगांतलं शिसं दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ मध्ये आला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल कोणास ठाऊक, आणि वरच्या मजल्यावर पाच-सहा वर्षांची पोरं शिकायला येतात. म्हणून कोरडं घासायचं नाही, पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासायचं, खाली ताडपत्री, आणि निघालेला चुरा रोज गोळा करून पिशवीत बांधायचा. त्याने स्वतःही तोंडाला मास्क लावला. पहिल्या दिवशी आमच्या धाकाने, पुढे आपल्या मर्जीने.

दुकानं चालू असताना रंग काढणं हे घराच्या रंगासारखं नसतं. बेकरीवाल्याला धूळ चालत नाही, औषधवाल्याला एक दिवसही बंद ठेवता येत नाही, शिंप्याकडे लग्नाचे कपडे टांगलेले. प्रत्येकाचा वार ठरवून कागदावर लिहिला आणि त्यांच्याही सह्या घेतल्या. डिसेंबरात प्लास्टर झालं. नव्या प्लास्टरला महिनाभर सुकू द्यावं लागतं, ते दिलं. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने शेवाळ धुतलं. रंग फेब्रुवारीत पुरा झाला, कारण २०२४ चा रमजान मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येत होता आणि तेव्हा दुकानदारांनी आम्हाला दारात उभं केलं नसतं. बादल्या आमच्यासमोर फोडल्या, एकूण पाच लागल्या.

पाट्याही त्याच वेळी उतरल्या. राज्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची आहे, तेव्हा बहुतेकांनी नव्या करून घेतल्या. मराठी शिकवणारं माणूस समोर असल्यामुळे शुद्धलेखन तपासायचं काम फुकटात आमच्याकडे आलं. शिंप्याच्या पाटीवर ‘लेडीज’ची वेलांटी तीन वेळा बदलून घेतली. चौथ्यांदा त्याने हात जोडले.

१० टक्के रक्कम, म्हणजे ११,५२० रुपये, पहिला पावसाळा पाहून द्यायची असं ठरलं होतं. खेर्डीवाल्यांनी त्यावर वाद घातला नव्हता, फक्त एवढंच म्हणाले होते की माझ्या माणसांची मजुरी मी दर शनिवारी देतो, ती तुमच्या १० टक्क्यांसाठी थांबत नाही. जुलैच्या मोठ्या पावसात ते छत्री घेऊन स्वतः आले आणि इमारतीभोवती एक फेरी मारून गेले. उत्तरेच्या कोपऱ्यात, जिन्याच्या बाजूला, परातीएवढी ओल दिसली. रंग सुटला नव्हता, पण डाग होता. शेजारच्या इमारतीची पन्हळ आमच्या भिंतीवर गळते. ऑगस्टमध्ये त्यांची रक्कम पूर्ण दिली, कारण तो दोष त्यांचा नव्हता. शेजाऱ्यांशी पन्हळीचं बोलणं चालू आहे. तेही लेखी.

खाला ईदला आली होती. शीरखुर्मा अर्धी वाटी घेतला. शटरकडे बघून म्हणाली, ‘हे आमच्या पोराने केलंय ना, चमकतंय.’ बाकीच्या भिंतीबद्दल ती काही बोलली नाही.