पडलो तरी नाक खाली

चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये आलेला माणूस बहुधा कसल्या तरी परीक्षेच्या मागे असतो. खाली दुकान, वर ऑफिस अशा एकसारख्या इमारती, आणि त्यांच्या मजल्यामजल्यावर आयईएलटीएस, नीट, बँकभरतीचे क्लास. त्यामुळे संध्याकाळी पाठीवर सॅक अडकवून मी त्यातल्या एका तळघरात उतरते, तेव्हा कुणाला नवल वाटत नाही. माझीही परीक्षा आहे. येत्या रविवारी, ज्युदोच्या पांढऱ्या पट्ट्यावरून पिवळ्या पट्ट्यावर जाण्याची. मी ४६ वर्षांची आहे. माझ्या खालोखाल वयाची परीक्षार्थी अकरावीत शिकते.

परीक्षा तशी छोटी. रीतसर वाकून नमस्कार करायचा, पट्टा नीट बांधून दाखवायचा, मागे, कुशीवर आणि कोलांटी घेऊन पुढे पडून दाखवायचं, दोन फेकी आणि एक पकड करायची, आणि प्रत्येक गोष्टीचं जपानी नाव सांगायचं. नावं मला पहिल्याच आठवड्यात पाठ झाली. तौलनिक साहित्यात एम.ए. करून अनुवादावर पोट भरणाऱ्या बाईला शब्द दिले की ती तिथेच रमते. 'दोजो' हा शब्द मुळात संस्कृत 'बोधिमंड'चा चिनी अनुवाद. 'केसा-गातामे' या पकडीतला 'केसा' म्हणजे बौद्ध भिक्षूचं वस्त्र, म्हणजे आपलंच 'काषाय'. ते एका खांद्यावरून तिरकं जातं, तशी ही पकड. पडण्याच्या विद्येला म्हणतात 'उकेमी'. त्यातल्या 'उके'त घेणं, स्वीकारणं आहे आणि 'मी'त शरीर. मराठीत 'अंगावर घेणं' म्हणता येईल, असं मी वहीत लिहून ठेवलं.

शब्द जमला, पडणं जमेना. मागे पडताना हनुवटी छातीला लावून स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीकडे बघायचं, म्हणजे डोकं आपटत नाही. हात टेकून सावरायला जायचं नाही. तो अंगापासून थोडा दूर, सपाट, चटईवर आपटायचा, म्हणजे सगळा धक्का एका मनगटावर येत नाही. हे मला समजतं. पण तोल गेला की माझी मान वर जाते आणि हात मागे. "मॅडमजी, ठोडी अंदर!" सर रोज ओरडतात. 'पडलो तरी नाक वर' ही म्हण त्यांना कशी समजावू?

माझं माहेर कराडचं. आमच्याकडे लोकांना कुस्ती कळते, आणि कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. शेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, हे ऐकतच आम्ही वाढलो. तिथे त्यांना हरवून सुवर्ण नेणारा शोहाची इशी मुळात ज्युदोवाला होता, युद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली म्हणून कुस्तीकडे वळलेला, हे मला इथे आल्यावर कळलं. म्हणजे तो आधी पडायला शिकला होता.

दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण वॉकर असूनही ती आता अंगणात उतरत नाही. मी महिनाभर तिच्याजवळ राहिले आणि तिची भीती बरोबर घेऊन परत आले. जिना उतरताना कठडा धरायला लागले. पावसात घराबाहेर पडेना. अशाच एका दिवशी क्लासची पाटी दिसली. पट्टे मिळवायला मी आत गेले नव्हते. पडायला शिकवता का, एवढंच विचारलं. सर म्हणाले, "पहले तो जी वही सिखाते हैं."

रविवारी माझी जोडी त्या अकरावीतल्या मुलीशी आहे. तिला माझ्यावर 'ओ-गोशी' करून दाखवायची आहे: कमरेवर घेऊन फेकायचं. मंगळवारी ऐन वेळी मी ताठले, पाय रोवले. ती माझ्या वजनाखाली अडकून गुडघ्यावर आली. उठून जॅकेट सारखं करत म्हणाली, "आंटी, आप गिरोगे नहीं तो मैं पास कैसे होऊँगी?"

तोवर मला पडणं ही माझी एकटीची गोष्ट वाटत होती. काल तिने मला ११ वेळा फेकलं. ९ वेळा हनुवटी आत होती.

रात्री आईला फोन केला.

"परीक्षा कसली म्हणालीस?"

"पडण्याची."

"आणि त्याला फी भरलीस?" ती पुष्कळ हसली. मग म्हणाली, "हात टेकायचा नाही, तर करायचं काय?"

मी सगळं सांगितलं. हनुवटी, गाठ, हात. ती थोडा वेळ गप्प होती.

"मी नळ धरायला गेले होते," ती म्हणाली. पडल्यापासून या विषयावर ती पहिल्यांदाच बोलत होती. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "रविवारी नीट पडून ये. आणि आलीस की फोन कर."