पहिली ओढ रिकामी

चंदीगड प्रथम पाहणाऱ्या मराठी माणसाला हे नगर भूमितीच्या वहीतून उचलून जमिनीवर मांडल्यासारखे वाटते. सुमारे 800 मीटर रुंद आणि 1200 मीटर लांब असे एकेक सेक्टर, त्यांना विभागणारे सरळ रस्ते, आणि त्या रस्त्यांच्या छेदांवर चौक. ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यात 13 क्रमांकाचे सेक्टर नव्हते. परंतु गाळलेला हा आकडा मागच्या दाराने परत आला आहे. एकमेकांच्या डोक्यावर असलेल्या सेक्टरांच्या क्रमांकांची बेरीज करावी, ती पुष्कळ ठिकाणी तेराच्या पटीत भरते. आमचे सेक्टर 43, त्याच्या डोक्यावर 35, बेरीज 78. तेरा सक अठ्ठ्याहत्तर! बसच्या अड्ड्यामुळे आणि जिल्हा न्यायालयामुळे आमच्या सेक्टराचे नाव सर्वतोमुखी असते, एरवी ते कोणाला विशेष ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

अशा आखीव नगरीत खड्डे नसावेत अशी आमची भाबडी समजूत होती. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी ती नाहीशी झाली, आणि तिच्याबरोबर आमच्या मोटारसायकलीच्या पुढच्या चाकाची गोलाईही. ही मोटारसायकल पुण्याकडची. बदलीच्या वेळी सामानाबरोबर आलेली आणि चिरंजीव नोकरीसाठी बंगळूरला गेल्यापासून आमच्याच वाट्याला राहिलेली. साठी उलटलेल्या गृहस्थाने दोन चाकांवर फिरावे हे आमच्या कुटुंबाला मुळीच पसंत नाही. त्यामुळे चाक वाकल्याचे कळताच घरात विक्रीचा ठराव मांडण्यात आला. आम्ही मुदत मागून घेतली.

नवे चाक एका दुकानात बसवून घेतले. जुनीच चकती, जुनेच पॅड, चाक मात्र कोरे करकरीत, काळ्या रंगाने चकाकणारे. पहिल्या फेरीतच घोटाळा ध्यानात आला. ब्रेकची दांडी ओढली की ती मुठीपर्यंत रिकामी जाई. दुसऱ्यांदा ओढली की ब्रेक नीट लागे. शिवाय वेग कमी होताना ती बोटांखाली नाडीसारखी उडे. चौतीस, पस्तीस, त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस जेथे मिळतात त्या चौकात एक शाळकरी पोर सायकल घेऊन अकस्मात समोर आले. पहिली ओढ रिकामी गेली. दुसरीने आम्हाला थांबवले. आमच्या आणि त्या पोराच्या मध्ये हातभर अंतर उरले होते. ते पोर हसून निघून गेले. आम्ही मात्र गाडी ढकलत घरी आणली, आणि ही हकीकत घरात सांगितली नाही. हातभर अंतराची गोष्ट ऐकल्यावर विक्रीला मुदत मिळाली नसती.

दुकानदाराचे म्हणणे एकच, ‘हवा शिरली आहे.’ हवा काढण्यात आली, ब्रेकचे तेल नवे भरण्यात आले, पैसे घेण्यात आले. दोष जागच्या जागी. तेव्हा आम्ही आमच्या गल्लीतल्या एका वयोवृद्ध सरदारजींकडे गेलो. त्यांना सारे उस्तादजी म्हणतात. त्यांची हयात बुलेटवर गेलेली. 1955 साली मद्रासेस जुळणी सुरू झालेल्या या गाडीवर पंजाबचे प्रेम किती, हे येथे राहिल्याशिवाय कळत नाही. जुन्या बुलेटच्या ढोलकीच्या ब्रेकवर त्यांचा विशेष जीव. ते सांगत, त्या ब्रेकचे चाक बसवताना दांडी दाबून धरावी आणि मगच आसाचा नट आवळावा, म्हणजे शू आपोआप मध्यावर येतात. चकतीच्या ब्रेकला मात्र ते अजूनही नवा पाहुणा समजत. वास्तविक हा पाहुणा बराच जुना आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने 1902 सालीच त्याचे पेटंट घेतले होते, आणि होंडाने 1969 साली आपल्या मोठ्या गाडीच्या पुढच्या चाकाला तो लावल्यावर तो मोटारसायकलींच्या जगात रुळला.

‘बाऊजी, पहले सोचो, फिर खोलो,’ उस्तादजी म्हणाले. हे वाक्य कोणत्याही न्यायशास्त्राच्या ग्रंथात शोभले असते. आम्ही दोघे पायरीवर बसलो आणि विचार करू लागलो. हवा शिरली असेल तर दांडी सदैव लुसलुशीत लागेल. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. या साध्या नियमावरच तर दांडीवरल्या दोन बोटांचा जोर चकतीपर्यंत पोहोचतो. पण आमची दांडी रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी पहिल्या ओढीलाच घट्ट लागे. अर्धा किलोमीटर चालवले की मग ती रिकामी. म्हणजे दोष तेलात नव्हे, चाक फिरण्यात होता. फिरताना काहीतरी पॅडना मागे ढकलत होते. पॅड मागे गेले की पहिली ओढ त्यांना परत आणण्यातच खर्ची पडणार आणि दुसरीच काय ती कामाची. दांडीची नाडीही त्याच सुरात बोलत होती. चकती डोलत होती.

डोलते हे सिद्ध कसे करावे? उस्तादजींनी तार शोधली, मिळाली नाही. आम्ही घरात जाऊन केसांचा एक आकडा मागून आणला. (कशासाठी, या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले नाही.) तो फोर्कला चिकटपट्टीने बांधून त्याचे टोक चकतीपासून केसभर दूर ठेवले. चाक हळू फिरवले. एका जागी टोक चकतीला खरडले, समोरच्या जागी दोघांत नख शिरेल एवढी फट पडली. आसाशेजारच्या डाव्याउजव्या नळ्यांची अदलाबदल झाली असती तर चकती सबंध एका बाजूला सरकली असती, अशी एका फेऱ्यात जवळ-दूर झाली नसती. तीही शंका मिटली.

चाक उतरवले, चकतीचे बोल्ट सोडवले. नव्या चाकाच्या बैठकीवर, जेथे चकती टेकते तेथे, त्या सुंदर काळ्या रंगाचा एक थेंब वाळून घट्ट झाला होता. दाण्याच्या सालाएवढाही जाड नसेल. पण मध्याजवळचा तेवढा उंचवटा चकतीच्या कडेला दुपटी-तिपटीने मोठा होऊन उमटतो. त्यातून कॅलिपरच्या सरकत्या पिना कोरड्या पडलेल्या. चकतीबरोबर त्यानेही थोडे डोलून घ्यायचे, ते त्याला जमत नव्हते. उस्तादजींनी दाढीच्या पात्याने तो थेंब खरवडला, बैठक पुसली, पिनांना योग्य ते ग्रीस लावले आणि बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. नंतर आकड्याचे टोक पुन्हा लावून पाहिले. फेरा पुरा झाला. फट सर्वत्र सारखी.

चाक बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी दांडी दहा-बारा वेळा ओढावी, हे त्यांनी आम्हाला बजावून सांगितले. चाक काढताघालताना पॅड मागे दबलेले असतात आणि ते पुढे आल्याखेरीज ब्रेक लागतच नाही. पहाटे बसअड्ड्याच्या मागल्या निर्मनुष्य रस्त्यावर आम्ही वीस वेळा थांबून पाहिले. विसाही वेळा पहिलीच ओढ पुरली.

उस्तादजींनी पैसे घेतले नाहीत, लस्सी घेतली. चौकातल्या त्या पोराची हकीकत आम्ही त्याच दिवशी दुपारी घरात सांगून टाकली. ऐकून घेऊन प्रश्न आला तो एवढाच, ‘आणि माझा आकडा?’ तो फोर्कलाच राहून गेला होता.