रणात हवा कुठून आणायची?

बडोद्याहून सकाळी सहाला निघालं की दुपारच्या जेवणाच्या आत कच्छच्या छोट्या रणाच्या काठावर पोचता येतं. अहमदाबादपर्यंत ९३ किलोमीटरचा एक्सप्रेसवे, पुढे विरमगाम, मग पाटडी आणि बजाणा. सगळं मिळून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. आपल्यापैकी बरेचजण धोरडोचं पांढरं रण पाहून आलेले असतात, पण घराजवळचं हे छोटं रण मात्र राहून जातं.

छोटं रण म्हणजे वाळवंट नव्हे. वाळूच्या टेकड्या इथे शोधूनही सापडणार नाहीत. कधीकाळी इथे समुद्राचा उथळ फाटा होता. तो गाळाने भरत गेला आणि सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचं सपाट, खारट मैदान तयार झालं. पावसाळ्यात बनास, रूपेण, सरस्वती या नद्यांचं पाणी इथे येऊन पसरतं. मधली उंच जागा तेवढी पाण्याबाहेर राहते, तिला इथले लोक 'बेट' म्हणतात. दिवाळीनंतर पाणी आटतं आणि जमीन भेगाळते. रानगाढवं, म्हणजे गुजराती 'घुडखर', बेटांवरून खाली उतरतात. भारतीय रानगाढवाचं हे मुख्य आश्रयस्थान आहे आणि म्हणूनच हा सारा भाग अभयारण्यात मोडतो.

ही जमीन दिसते तशी नसते. वरचा पापुद्रा कोरडा, कडक, क्रिकेटच्या पिचसारखा दिसतो. त्याखाली चार बोटांवर काळा चिखल असतो. पापुद्रा फुटला की चाक आत जातं, आणि जितका ॲक्सिलरेटर दाबाल तितकं खोल जातं. उपाय सोपा आहे, टायरमधली हवा कमी करायची. रस्त्यावर ३० पीएसआय ठेवत असाल तर इथे १८ पर्यंत उतरवायची. टायर खाली चपटा होतो, जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं. उंटाचा पाय जसा पसरट असतो, तसंच हे. १५ च्या खाली मात्र जाऊ नये, वळताना टायर रिमवरून निसटू शकतो.

हवा काढायला दहा मिनिटं लागतात. खरा प्रश्न परत येताना पडतो. १८ पीएसआयवर डांबरी रस्त्याने वेगात गेलं तर टायर तापतो आणि फाटू शकतो. रणाच्या काठावर पंक्चरवाल्याचं दुकान वीस-पंचवीस किलोमीटर लांब असतं. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप मिळतात, पण जीपच्या टायरपुढे त्यांना धाप लागते आणि ते तापून बंद पडतात. म्हणून माझ्या काकांनी ठरवलं की हवेची सोय गाडीतच करायची.

काका मकरपुरा जीआयडीसीत मशीन शॉप चालवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांचे वडील कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत हाताने काम करायला शिकवत. दादासाहेब फाळकेही काही काळ तिथे शिकले होते. 'जी वस्तू उघडता येत नाही ती आपली नाही,' हे काकांचं वाक्य आम्हा सगळ्या भावंडांना पाठ आहे. त्यांची महिंद्रा एमएम ५४० जीप आमच्यातल्या काहींपेक्षा वयाने मोठी आहे. गेल्या वर्षी ती विकायची चर्चा घरात सुरू झाली, आणि काकांनी उत्तर म्हणून कॉम्प्रेसर बसवायला घेतला.

कल्पना अशी की गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर हाही एक पंपच असतो. तो गॅस दाबतो, तसा हवाही दाबेल. इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, आणि चुंबकीय क्लचला १२ व्होल्ट दिले की चालू, काढले की बंद. भंगार बाजारातून एका जुन्या कारचा असा कॉम्प्रेसर आणला. जीपला एसी नसल्यामुळे इंजिनच्या बाजूला जागा होतीच. आठ मिलिमीटर जाड पट्टीचा ब्रॅकेट बनवला, क्रँकवर एक जादा पुली चढवली आणि दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून तीनदा पाहिलं. इथे दोन मिलिमीटरचा फरक राहिला तरी पट्टा महिन्याभरात खातो.

अडचण तेलाची होती. एसीमध्ये कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरून परत येतं. हवा मात्र परत येत नाही, ती तेल घेऊन टायरमध्ये निघून जाते. म्हणजे कॉम्प्रेसर सुकणार आणि टायरचं रबर तेलाने खराब होणार. म्हणून आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर आधी फिल्टर, मग थेंब थेंब तेल देणारी छोटी वाटी बसवली. बाहेर पडणाऱ्या वाटेवर तेल आणि पाणी वेगळं करणारा सेपरेटर लावला. दाबलेली हवा चांगलीच गरम असते, त्यामुळे पहिली दोन फूट नळी तांब्याची घेतली. प्लंबरची पीव्हीसी नळी इथे चालत नाही. ती दाबाखाली फुटली तर तिचे काचेसारखे तुकडे उडतात.

टाकी ट्रकच्या एअर ब्रेकची, वीस लिटरची. ती वापरण्याआधी काकांनी तिच्यात काठोकाठ पाणी भरलं आणि हातपंपाने पाण्याचाच दाब दिला, नेहमीच्या दाबाच्या दीडपट. भाऊ म्हणाला, "काका, हवाच भरून बघू ना सरळ." काकांनी पाना खाली ठेवला. "पाणी दबत नाही रे. टाकी फुटली तर पाणी नुसतं गळेल. हवा दबलेली असते, ती फुटली तर बॉम्ब होतो." टाकी टिकली. गॅसचे जुने सिलिंडर किंवा एसी मेकॅनिककडचे रिकामे पातळ डबे टाकी म्हणून वापरायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. कृपया तसं करू नका.

टाकीच्या आधी एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह, टाकीवर दाबमापक, खाली पाणी सोडायचा कॉक आणि प्रेशर स्विच. सात बारला, म्हणजे सुमारे १०० पीएसआयला, स्विच क्लच बंद करतो. तो अडकला तर आठ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. क्लचची वायर फ्यूज आणि रिलेमधून घेतली. एवढं झाल्यावर काका म्हणाले, "आता हिला कुठेतरी न्यायला हवं."

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पाच जण निघालो. आत्याने मेथीचे ठेपले आणि तिळाची चटणी दिली होती. विरमगामला मुनसर तलावाच्या पायऱ्यांवर बसून ते संपवले. सोलंकींच्या काळातला हा दगडी तलाव आणि त्याच्या काठाची छोटी छोटी देवळं पाहायला जेमतेम अर्धा तास लागतो, तेव्हा चुकवू नका. बजाण्याला वन खात्याच्या नाक्यावर परवाना काढला आणि गावातला एक वाटाड्या बरोबर घेतला.

दुपारी रणात पोचल्यावर हवा १८ वर आणली. वाटाडेभाई ठरलेल्या चाकोरीवरूनच नेत होते. अभयारण्यात मनाला येईल तशी गाडी पिटाळायची नसते. पाऊण तासाने घुडखरांचा कळप दिसला, पिवळसर अंग, पोट पांढरं, पाठीवर गडद पट्टा. आम्हाला पाहून ते काही पावलं बाजूला झाले आणि पुन्हा चरू लागले. लांब पाण्याच्या पट्ट्यात करकोचे उभे होते.

त्यापुढे मिठागरं लागली. इथले अगरिया पावसाळा संपला की कुटुंबासह रणात येतात आणि उन्हाळ्यापर्यंत इथेच राहतात. जमिनीखालचं खारं पाणी पंपाने उपसून वाफ्यांत सोडायचं आणि मिठाचे खडे धरेपर्यंत राबत राहायचं. पूर्वी डिझेलच्या इंजिनांचा आवाज असायचा, आता बऱ्याच ठिकाणी सोलर पॅनेल दिसतात. चहूबाजूंना पाणी, पण पिण्यासारखं थेंबभरही नाही. ते टँकरने येतं.

तसाच एक टँकर आम्हाला वाटेत उभा दिसला. ट्रॅक्टरला जोडलेला, भरलेला, एका चाकावर कललेला. चालक आणि एक पोरगा टायर काढून ट्यूबला ठिगळ लावून बसले होते. हातपंप होता, पण भरल्या टँकरच्या टायरला साठ पीएसआयच्या आसपास हवा लागते, आणि हातपंपाने तिथपर्यंत पोचायचं म्हणजे संध्याकाळ. पुढच्या वस्तीवर सात-आठ कुटुंबं पाण्याची वाट पाहत होती. आदल्या दिवशीही टँकर गेला नव्हता.

चालकाने जीपकडे पाहून सहज विचारलं, "हवा छे?"

काका म्हणाले, "छे ने!"

जीप जवळ लावली, हँड थ्रॉटल थोडा ओढला, क्लच खट्कन लागला. काकांनी सगळ्यांना टायरच्या समोरून बाजूला केलं. रिमची कडी उडाली तर माणूस वाचत नाही, असं त्यांनी पोराला गुजरातीत समजावलं. टाकीतली हवा पहिल्या मिनिटातच संपली, पुढे कॉम्प्रेसरनेच काम केलं. मध्ये एकदा थांबून काकांनी नळीचा सांधा हाताने चाचपला. तो गरम होता, पण घट्ट होता. बारा मिनिटांनी काटा साठवर आला. टँकर सरळ झाला आणि निघाला.

आम्ही त्याच्या मागून वस्तीपर्यंत गेलो. बायका आणि मुलं रिकामी पिंपं ओळीने लावून उभी होती. आम्हाला चहा मिळाला, दूध कमी असलेला, गुळाचा. पिंपं भरताना एक थेंब खाली सांडत नव्हता. नळाखाली दात घासणाऱ्या माझ्या चुलत बहिणीला कोणी काही बोललं नाही, पण त्या रात्री मुक्कामी तिने पाणी तांब्यात घेतलं.

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अभयारण्य बंद असतं. एकट्या गाडीने आत शिरू नका, वाटाड्या घ्या, पिण्याचं पाणी गरजेच्या दुप्पट ठेवा. गाडीत असं काही बसवायचं असेल तर आरसी बुकातल्या नोंदींत फरक पडेल असा बदल करू नका, आणि टाकीची चाचणी जाणकारासमोर पाण्यानेच घ्या. दर प्रवासानंतर टाकीतलं पाणी सोडून द्या, नाहीतर ती आतून गंजते.

जीप विकायचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. काका सध्या गाडीत शंभर लिटरची पाण्याची टाकी कुठे बसेल याची मापं घेत आहेत.