स्विच बदलू का?

परवा चिपळूणला फोन लावला होता. बोलता बोलता बाबांना म्हटलं, तुमच्या नातवाला नवा स्विच हवाय. बाबा म्हणाले, "अरे मग बदलून टाक की! भाड्याचं घर असलं म्हणून काय झालं, जळका स्विच ठेवू नये भिंतीवर. इलेक्ट्रिकलवाला ना तू?" आता मी अर्धा जन्म स्विचगिअरची ड्रॉइंगं तपासण्यात घालवलेला माणूस, त्यामुळे त्यांचं तसं काही चुकलं नाही. पुढची दहा मिनिटं हा स्विच म्हणजे भिंतीवरचा नव्हे, हातात धरून खेळायचा, निंटेंडो नावाच्या जपानी कंपनीचा, हे समजावण्यात गेली. समजल्यावर बाबांनी एकच प्रश्न विचारला. "जुना बिघडलाय का?"

नाही म्हटलं.

"मग?"

तर मंडळी, या 'मग?'चं उत्तर शोधण्यात माझे दोन महिने गेले. तोच वृत्तांत.

आधी एक सांगायला हवं. महाराष्ट्रात बसून "पोरांना मैदानावर पाठवा, कशाला हवीत ही खेळणी" म्हणणं सोपं आहे. मीही म्हणत असे. आम्ही राहतो अल कुसैसला. म्हणजे विमानतळाच्या मागे, शारजाच्या हद्दीला जवळजवळ टेकलेला दुबईचा भाग. बुर्ज खलिफा बघायला येणारे पाहुणे इथे फक्त आमच्याकडे जेवायला येतात. भारतीय शाळा, केरळी हॉटेलं, इंडस्ट्रियल एरिया, आणि पलीकडे कामगारांच्या वसाहतींचं सोनापूर. (मुंबईकराला सोनापूर म्हटलं की मरीन लाइन्सचं स्मशान आठवतं. नवीन आलेल्या माणसाला "सोनापूरला साइट आहे" असं सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.) असो. इथे जून ते सप्टेंबर बाहेर चाळीसच्या वर पारा. पोरं घरात, एसीत, कोंडलेली. त्या चार महिन्यांत हातातला पडदा हेच मैदान. आणि तो पडदासुद्धा बाल्कनीत न्यायची सोय नाही, कारण स्विच ५ ते ३५ अंशांतच वापरा असं खुद्द निंटेंडोचं सांगणं आहे. म्हणजे आमच्या बाल्कनीत उन्हाळ्यात माणूसही चालत नाही आणि यंत्रही.

तर जुना स्विच. हे मॉडेल बाजारात आलं मार्च २०१७ मध्ये. आमचा २०१९ सालचा, सुधारित बॅटरीवाला. त्याचा थोरला भाऊ, स्विच २, आला ५ जून २०२५ ला. चिरंजीवांच्या वर्गात महिन्याभरात तिघांकडे झाला, दिवाळीपर्यंत सातजणांकडे. मग आमच्या घरी अर्ज दाखल झाला. अर्ज फेटाळायचा तर तो नियमानुसार फेटाळावा, म्हणून मी एक्सेल शीट उघडली.

आकडे बघितले तर नव्याची बाजू भक्कम. पडदा ६.२ इंचांऐवजी ७.९. मेमरी ४ जीबीऐवजी १२, साठवण ३२ ऐवजी २५६. जुना पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, नवा १२० पर्यंत. पण हातात धरून खेळणाऱ्यासाठी खरी मेख पुढे आहे. आमचा जुना एका चार्जवर साडेचार ते नऊ तास चालतो असं कंपनी म्हणते. नवा? दोन ते साडेसहा. बॅटरी आकारानं मोठी आणि तास कमी! हे म्हणजे टाकी मोठी बसवली पण घरात माणसंही वाढवली. वजन कंट्रोलरसकट साधारण ४०० ग्रॅमवरून ५३४. झोपून खेळताना नाकावर पडला तर हा फरक कळतो. (झोपून कोण खेळतं हे सौ.ला माहीत आहे, इथे सांगायची गरज नाही.)

दुसरी गंमत ठिपक्यांची. जुन्या पडद्यावर आडवे १२८० ठिपके, नव्यावर १९२०. म्हणजे बरोबर दीडपट. जुना गेम नव्या यंत्रावर हातात धरून लावला की दोन ठिपक्यांची माणसं तीन ठिपक्यांच्या खोल्यांत राहायला जायची. मधल्या खोलीत कोणी राहायचं? दोघंही अर्धे अर्धे. त्यामुळे चित्र किंचित पातळ, पुसट दिसायचं. काही गेमना निंटेंडोनं फुकट दुरुस्ती दिली, काहींना पैसे घेऊन दिली, त्यांचं चित्र खरंच सुंदर झालंय. पण ज्यांना दिली नव्हती त्यांचं तेव्हा हे असं. शिवाय पडदा साध्या एलसीडीचा. २०२१ साली आलेल्या ओएलईडी स्विचवर काळा रंग काळा दिसतो, तसा इथे दिसत नाही. आणि जुनं मेमरी कार्ड नव्यात गेम साठवायला चालत नाही, एक्सप्रेस नावाचं नवं महाग कार्ड घ्यायला लागतं. इंजिनिअर माणसाला राग येतो तो या असल्या बारीकसारीक गोष्टींचा.

पैशाचं म्हणाल तर बाजारात आला तेव्हा अमेरिकेत किंमत ४४९.९९ डॉलर. दिरहॅम डॉलरला ३.६७ नं बांधलेला, म्हणजे साधारण १,६५० दिरहॅम. इथला दुकानदार सांगेल तो आकडा याच्या वरचाच. वर मारिओ कार्ट वर्ल्ड हा गेम सुटा घेतला तर ८० डॉलर.

हे सगळं मांडताना मला एक माणूस आठवत होता, गुनपेई योकोई. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला हा पोरगा १९६५ साली निंटेंडोत लागला तो मेंटेनन्सला. कंपनी तेव्हा हानाफुदा नावाचे पत्ते छापायची, त्या यंत्रांची देखभाल याच्याकडे. याच माणसानं पुढे १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आणि १९८९ मध्ये 'गेम बॉय' घडवला. त्याचं म्हणणं असं, की नवंकोरं तंत्रज्ञान घेऊ नका. स्वस्त झालेलं, मुरलेलं तंत्रज्ञान घ्या आणि त्याला अशा कामाला लावा जे कोणाच्या डोक्यात आलं नसेल. मुरलेलं हा शब्द माझा, पण लोणच्याच्या देशातल्या माणसाला दुसरा सुचत नाही. गेम बॉयचा पडदा हिरवट, रंग नाहीत, मागे दिवा नाही. पाठोपाठ सेगाचा गेम गिअर आला, रंगीत, दिवेवाला. पण त्याला पेन्सिल सेल लागायचे सहा आणि ते काही तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. कोण जिंकलं हे सांगायला नको. गेम बॉयची रंगीत आवृत्ती निघाली ती थेट १९९८ मध्ये, नऊ वर्षांनी. तोवर कुणाचं काही अडलं नाही.

आमच्या आळीत 'गेम अँड वॉच'सारखं एक खेळणं आलं होतं तेही दुबईहूनच. शेजारच्या काकांनी त्यांच्या मुलाला आणलेलं. आम्ही अकराजण रांगेत उभे राहून एकेक डाव खेळायचो. त्यातला सेल संपला तो चिपळुणात मिळेना, मग काका पुढच्या वर्षी येईपर्यंत ते खेळणं कपाटात. तरी आम्ही ते बघायला जायचो. आज माझा पुतण्या त्याच आळीत राहतो. भारतात निंटेंडोनं स्विच रीतसर विकायला कधी आणलाच नाही, त्यामुळे "काका, नवा घेतलात की जुना मला" असं त्यानं मे महिन्यातच नोंदवून ठेवलेलं.

एक्सेल शीटचा निकाल स्पष्ट होता. टीव्हीला जोडून मोठ्या पडद्यावर खेळणार असाल, किंवा फक्त नव्यावरच चालणारे गेम हवे असतील, तर घ्या. नुसते जुनेच गेम हातात धरून खेळायचे असतील तर थांबा. आम्ही दुसऱ्या गटातले. मी निकाल वाचून दाखवला.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, मारिओ कार्ट वर्ल्डमध्ये चोवीस गाड्या असतात. वर्गातले सगळे त्यात असतात. मी नसतो." एवढंच बोलून आत गेला. चौदा वर्षांचा आहे.

ही रांग माझ्या शीटमध्ये नव्हती.

म्हटलं चला, निदान बघून तरी येऊ. ग्रीन लाइन मेट्रोनं बुर्जुमानला उतरलो आणि खालिद बिन वलीद रोडवरच्या दुकानांत शिरलो. एका दुकानदारानं जुन्याचे तीनशे दिरहॅम द्यायची तयारी दाखवली. "सब डिलीट करके, रिसेट मारके देना." झालं. चिरंजीवांनी जुना स्विच काउंटरवरून उचलला आणि पिशवीत घातला. "नको. चला."

मला वाटलं, भाव पटला नाही. मेट्रोत विचारलं तेव्हा कळलं. आत बेट आहे.

'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' नावाचा एक गेम आहे, २० मार्च २०२० ला आला. त्यात एक निर्जन बेट मिळतं, त्यावर घरं बांधायची, फुलं लावायची, मासे पकडायचे. जिंकणं-हरणं काही नाही. इथल्या शाळा त्याच्या दोन आठवडे आधी, ८ मार्चला बंद झालेल्या. समोरच्या फ्लॅटमध्ये एक मल्याळी कुटुंब होतं, त्यांचा मुलगा याच्याच वयाचा, आठ वर्षांचा. त्याच्याकडे स्विच नव्हता. या गेमचं वैशिष्ट्य असं की एका यंत्रावर बेट एकच. त्याच यंत्रावर दुसऱ्यानं आपलं नाव काढलं तर त्याचं घरही त्याच बेटावर. एप्रिलमध्ये दुबईत चोवीस तास घरात बसायचे दिवस आले. आमची दोन दारं समोरासमोर, मधे पाच फुटांचा पॅसेज. दोन्ही घरांनी मिळून एकच घर मानायचं ठरवलं. सकाळी शाळा लॅपटॉपवर, दुपारी बेट.

मे महिन्यात त्याच्या वडिलांची नोकरी गेली. कंपनीनं एका मेलवर पंधराजण कमी केले. इथे नोकरी गेली की व्हिसाचे दिवस मोजायला लागतात, हे इथल्या प्रत्येकाला पाठ असतं. परतीची विमानं ७ मे पासून सुरू झाली होती, पहिल्याच दिवशी दुबईहून कोझिकोडला एक गेलं होतं. यांचा नंबर जूनमध्ये लागला. फ्रिज, सोफा, वॉशिंग मशीन मिळेल त्या भावाला गेलं. जाताना तो मुलगा आमच्याकडे दहा मिनिटं आला आणि बेटावरच्या सूचनाफलकावर इंग्रजीत लिहून गेला, की मी कोरोना संपला की येतो, माझ्या फुलांना पाणी घाल.

चिरंजीवांनी मला त्या मेट्रोत, सलाह अल दीन स्टेशनच्या आसपास, तो फलक काढून दाखवला. त्यावर तारीख आहे. घर तसंच आहे. आजूबाजूला गवत नाही, म्हणजे कोणीतरी काढतंय.

"त्याला दाखवलंस कधी?"

"मागच्या वर्षी फोटो पाठवला होता. त्यानं स्मायली पाठवली." मग थोड्या वेळानं, "तो फुटबॉल खेळतो आता."

मी वाचून ठेवलं होतं की बेट जुन्या यंत्रावरून दुसरीकडे हलवायची सोय निंटेंडोनं केलेली आहे. तसं सांगितलंही. तो म्हणाला नको, हलवताना काही झालं तर? इंजिनिअरच्या पोराला मी काय सांगणार. चालू पॅनेलला हात लावू नये हे मीच शिकवलंय.

शेवटी घेतला. दुकानातून नाही. डुबिझलवर एक जाहिरात होती, कुटुंब कायमचं भारतात चाललंय, सामान विकणे आहे, त्यात स्विच २, मारिओ कार्टसकट, दुकानापेक्षा चारशे दिरहॅम कमी. अल नाहदातली बिल्डिंग. घरात खोक्यांचे ढीग, भिंतीवर कॅलेंडर काढल्याची चौकोनी खूण. दहा वर्षांच्या मुलानं यंत्र खोक्यात घालून तयार ठेवलेलं. मी पैसे मोजत होतो, तर चिरंजीव खाली बसून त्या मुलाला विचारताहेत, "तुझं सगळं सेव्ह करून घेतलंस का?" त्या मुलाला काही माहीतच नव्हतं. मग खोकं पुन्हा उघडलं. पाऊण तास दोघं जमिनीवर बसून त्याचं खातं, बॅकअप, पासवर्ड असं काय काय करत होते. मधे मला त्याच्या वडिलांचं क्रेडिट कार्ड घेऊन यायला सांगितलं गेलं. वडील बिचारे कार्गोवाल्याशी फोनवर भांडत होते, त्यांनी न विचारता दिलं. मुलानं पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर दोनदा लिहून घेतला.

आता घरी चोवीस गाड्यांचा आवाज असतो. जुना स्विच टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. लिथियम बॅटरी वापरात नसली तरी निदान सहा महिन्यांतून एकदा चार्ज करावी लागते, म्हणून माझ्या फोनवर आठवण लावलीय, दर तीन महिन्यांनी. इंजिनिअर माणूस, थोडा फॅक्टर ऑफ सेफ्टी हवाच.

पुतण्याला काय सांगायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही. सौ.चं म्हणणं, त्याला दुसरा घेऊन द्या. बाबांना फोनवर सगळं सांगितलं, तर ते ऐकून म्हणाले, "म्हणजे जुना ठेवलास, नवा घेतलास, आणि आता तिसरा घेणार?"

हो म्हटलं.